स्थानांतरित बॅटरी आणि वितळतार : रक्षण कोणाचे व कोणापासून?

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटारीची बॅटरी बॉनेटखालील जागेतून काढून मागे डिकीत अथवा आसनाखाली नेण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९ साली विक्रीस आणलेल्या मूळच्या मिनी मोटारीत इंजिन पुढे आडवे बसविलेले होते आणि बॅटरी मागे डिकीत होती. १९८९ साली आलेल्या माझ्दा एम. एक्स.-५ या गाडीतही ती डिकीतच ठेवलेली आढळते. पुढील भार कमी व्हावा, इंजिनाच्या उष्णतेपासून बॅटरी दूर राहावी, किंवा पुढे दुसऱ्या यंत्रासाठी जागा मोकळी व्हावी अशा हेतूंनी अनेकजण जुन्या गाड्यांतही हा फेरफार करून घेतात. ध्वनिमुद्रणाची व संगणकाची साधने बरोबर घेऊन दूरच्या गावी जाणाऱ्या क्षेत्रकार्याच्या गाडीत असा बदल करण्याचा विचार आपल्यापैकी काहींच्या मनातही येऊन गेला असेल.

बॅटरी मागे गेली म्हणजे तिच्यापासून इंजिनापर्यंत चार-पाच मीटर लांबीची जाड तार न्यावी लागते. या तारेवर फ्यूज बसवावा काय, बसवावयाचा तर किती अँपिअरचा, आणि कोठे, या तीन प्रश्नांना कारखान्या-कारखान्यांत निरनिराळी उत्तरे मिळतात. एक कारागीर म्हणतो, सेल्फच्या तारेवर फ्यूज कधीच नसतो. दुसरा म्हणतो, बॅटरीच्या वाचवणुकीसाठी मोठ्यात मोठा फ्यूज घाला. तिसरा ऐंशी अँपिअरचा फ्यूज घालतो आणि पहिल्याच थंड सकाळी तो उडतो. ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, याचे कारण विजेच्या शास्त्रात मतभेद आहेत असे नव्हे. ‘फ्यूज’ या शब्दाने प्रत्येकजण वेगळी वस्तू अथवा वेगळे कार्य सुचवीत असतो. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम शब्दार्थाचा निर्णय करून मग हिशेबाकडे वळावयाचे आहे. या निर्णयावर गाडीतील माणसांचा जीव अवलंबून असल्याने येथील शब्दार्थचर्चा केवळ शब्दांची राहत नाही.

२. ‘बॅटरीचा फ्यूज’ या शब्दप्रयोगाचा विग्रह

इंग्रजीत ‘फ्यूज’ असे समान उच्चाराचे दोन शब्द आहेत. सुरुंगाची वात या अर्थाचा शब्द लॅटिनमधील चातीवाचक ‘फूसुस’ या नामापासून आला, तर वितळणे या अर्थाचा शब्द ओतणे, वितळविणे या अर्थाच्या ‘फुंदेरे’ या क्रियापदापासून आला. विजेच्या फ्यूजचा संबंध दुसऱ्या शब्दाशी आहे. आपल्या शालेय पुस्तकांतील ‘वितळतार’ या प्रतिशब्दाने हा अर्थ अचूक पकडला आहे. बोलीत मात्र फ्यूज ‘उडतो’ किंवा ‘जातो’. तो ‘वितळतो’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘उडणे’ या क्रियापदाने क्षणार्धात घडणारी घटना सूचित होते, आणि तीच समजूत रूढ होते की ठरावीक आकड्यापेक्षा एक अँपिअर अधिक झाला की फ्यूज तत्काळ तुटतो. वस्तुतः वितळण्याच्या क्रियेला काळ लागतो, आणि फ्यूजच्या निवडीचे निम्मे मर्म या काळात आहे.

दुसरी अडचण षष्ठी विभक्तीची आहे. ‘बॅटरीचा फ्यूज’ म्हणजे बॅटरीचे रक्षण करणारा फ्यूज असा अर्थ सहज मनात येतो. येथे पाणिनीच्या कारकविचाराचे स्मरण उपयुक्त ठरते. भय व रक्षण या अर्थांच्या धातूंच्या बाबतीत ज्याच्यापासून भय उत्पन्न होते त्यास त्याने अपादान ही संज्ञा दिली आहे. तेव्हा रक्षणाचे कोणतेही विधान पुरे व्हावयाचे तर दोन पदे स्पष्ट हवीत : रक्षण कोणाचे, हे कर्म, आणि कोणापासून, हे अपादान. स्थानांतरित बॅटरीच्या संदर्भात भयहेतू स्वतः बॅटरीच होय. आणि रक्षणीय वस्तू आहे ती तार. फ्यूज बॅटरीपासून तारेचे रक्षण करतो. सेल्फचे रक्षण त्याच्याकडून होत नाही, दिव्यांचे होत नाही, आणि बॅटरीचे झाले तर ते आनुषंगिक होय. हा विग्रह मान्य केला की पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघू लागतात.

३. बॅटरी हा भयहेतू कसा

मोटारीच्या सीसे-आम्ल बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात व पूर्ण भारित अवस्थेत तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बारा व्होल्टांनी माणसास झटका बसत नाही, आणि म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असा समज होतो. परंतु अपाय दाबापेक्षा प्रवाहाकडून अधिक संभवतो. बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प, म्हणजे काही मिलिओहम इतकाच असतो. तो ५ मिलिओहम धरला तर दोन्ही अग्रे थेट जोडली असता १२.६ ÷ ०.००५, म्हणजे सुमारे २,५०० अँपिअर प्रवाह वाहू शकेल. घरातील संपूर्ण वीजजोडणीतून एरवी वाहणारा प्रवाह काही दशक अँपिअरांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

मोटारीचे संपूर्ण पत्र्याचे अंग बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेले असते. कारागिरांच्या भाषेत ‘बॉडी अर्थ’ म्हणतात ते हेच. त्यामुळे धन अग्राकडून निघालेल्या तारेचे वेष्टन कोठेही खरचटून तांबे पत्र्याला लागले की परिपथ तेथेच पुरा होतो. बॅटरी पुढे असताना ही तार बहुधा मीटरभरही लांब नसते, तिचा मार्ग आखीव असतो, आणि म्हणून पुष्कळ उत्पादक सेल्फच्या तारेवर फ्यूज ठेवीत नाहीत. ‘सेल्फच्या तारेवर फ्यूज नसतो’ हे पहिल्या कारागिराचे विधान या मर्यादेत खरे आहे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या नौकांसंबंधीच्या मानकातही इंजिन सुरू करणाऱ्या तारेस फ्यूजच्या बंधनातून वगळले आहे. मात्र हे अपवाद त्या परिस्थितीसाठी आहेत. तार पाच मीटर झाली, आसनांखालून, गालिच्याखालून, कधी इंधननळीच्या शेजारून व भिंतीतील छिद्रांतून जाऊ लागली की परिस्थिती बदलते. आणि मागून दुसऱ्या वाहनाची धडक बसली तर चेपणारा भाग नेमका बॅटरीचाच असतो.

४. चार निरनिराळ्या संख्या

‘किती अँपिअरचा फ्यूज?’ या प्रश्नात एकच संख्या विचारली जाते. प्रत्यक्षात चार गोष्टी पाहावयाच्या असतात.

(अ) निर्धारित प्रवाह. हा आकडा फ्यूजवर छापलेला असतो. इतका प्रवाह फ्यूज टिकवून धरतो, असा त्याचा अर्थ. या आकड्याला तो तुटतो, असा नव्हे. रस्त्यावरील वाहनांच्या फ्यूजसाठी आय. एस. ओ. ८८२० ही मानकमालिका आहे. तीत पात्याच्या लहान फ्यूजने निर्धारित प्रवाहाच्या ११० टक्के प्रवाह शंभर तास सहन करावा अशी अपेक्षा आहे. सतत वाहणाऱ्या भारासाठी मात्र निर्धारित प्रवाहाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास राहणे हा सुज्ञ व्यवहार होय, कारण फ्यूजभोवतीची जागा तापली की त्याची धारणशक्ती घटते.

(आ) काल. बोल्टने आवळावयाच्या, ‘मेगा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंदगती फ्यूजचा काल-प्रवाह संबंध साधारणतः असा असतो : १३५ टक्के प्रवाहास दोन मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, २०० टक्क्यांस १ ते १५ सेकंद, ३५० टक्क्यांस ०.३ ते ५ सेकंद. प्रत्येक ठिकाणी किमान व कमाल असे दोन काल दिलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. किमान काल आपल्याला अनाठायी वितळण्यापासून आश्वस्त करतो. कमाल काल तारेच्या सुरक्षिततेचा हिशेब करण्यासाठी घ्यावयाचा असतो. एकाच कामासाठी दोहोंची अदलाबदल करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

(इ) दाब. घरातील किटकॅट फ्यूजवर २४० व्होल्ट लिहिलेले असते, म्हणून बारा व्होल्टांस तो अधिकच चांगला, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो फसवा आहे. फ्यूज वितळताच तुटलेल्या टोकांमध्ये विद्युत्-ज्वाला पेटते. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ज्वाला विझण्यास अवसर मिळतो. बॅटरीचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. म्हणून एकदिश प्रवाहासाठीच निर्धारित केलेला फ्यूज हवा. वाहनांचे फ्यूज सामान्यतः ३२ व्होल्ट एकदिश दाबासाठी निर्धारित असतात.

(ई) विच्छेदनक्षमता. फ्यूज फुटून न जाता, आग न लावता, जास्तीत जास्त किती प्रवाह तोडू शकेल, त्याचा हा आकडा. पात्याच्या फ्यूजचा तो ३२ व्होल्टांस १,००० अँपिअर असतो, मेगा प्रकारचा २,००० अँपिअर. बॅटरीच्या अग्रावरच बसविता येणाऱ्या चौकोनी फ्यूजची विच्छेदनक्षमता १४ व्होल्टांस १०,००० अँपिअर, तर टी-वर्गीय फ्यूजची २०,००० अँपिअरपर्यंत असते. ही संख्या फ्यूजच्या अंगावर ठळकपणे लिहिलेली नसते, आणि म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

या चारही संख्यांसाठी बोलीत ‘फ्यूजची कपॅसिटी’ हा एकच शब्द वापरला जातो. दुकानदार एका अर्थाने बोलतो, गिऱ्हाईक दुसऱ्या अर्थाने ऐकते. मराठीत निर्धारित प्रवाह व विच्छेदनक्षमता ही दोन पदे तरी पृथक् वापरण्याचा परिपाठ ठेवल्यास बराच घोटाळा टळेल.

५. एका उदाहरणाचा हिशेब

चार सिलिंडरांचे लहान पेट्रोल इंजिन असलेली गाडी उदाहरणासाठी घेऊ. इंजिन फिरविताना सेल्फ सुमारे १८० अँपिअर घेतो, थंडीत २५० अँपिअर. आणि स्थिर असलेली मोटर फिरू लागण्याच्या पहिल्या क्षणी, एका सेकंदाच्या दशांशाच्या आसपास, ५०० अँपिअर घेतो असे मानू. तारेची लांबी ५ मीटर आहे.

प्रथम तार निवडावयाची. तांब्याच्या एक मीटर लांबीच्या व एक चौ. मि. मी. छेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. २५ चौ. मि. मी. छेदाची तार घेतल्यास ५ मीटरांचा रोध ३.४४ मिलिओहम होतो व २०० अँपिअरला त्यात ०.६९ व्होल्टची घट येते. ५० चौ. मि. मी. घेतल्यास रोध १.७२ मिलिओहम व घट ०.३४ व्होल्ट. सेल्फला अगोदरच अपुऱ्या दाबावर काम करावे लागत असल्याने दुसरी तार पत्करावी. बॅटरीचे ऋण अग्र पत्र्याला जोडणारी तारही तितकीच जाड हवी, हे सांगणे न लगे.

आता फ्यूजच्या दोन सीमा पाहू. खालची सीमा भाराने ठरते. २०० अँपिअरचा मंदगती फ्यूज घेतला, तर १८० अँपिअर त्याच्या निर्धारित प्रवाहाच्या आत आहे. थंडीतील २५० अँपिअर म्हणजे १२५ टक्के. १३५ टक्क्यांसही किमान दोन मिनिटे टिकणारा फ्यूज दहा सेकंदांत वितळणार नाही. आरंभीचे ५०० अँपिअर म्हणजे २५० टक्के; ३५० टक्क्यांसही तो किमान ०.३ सेकंद टिकतो, आणि आपला क्षण त्याहून लहान आहे. तेव्हा ‘सेल्फ पाचशे अँपिअर घेतो म्हणून पाचशेचा फ्यूज’ हा तर्क चुकीचा ठरतो. मात्र मोठे डिझेल इंजिन फिरविताना ४०० अँपिअर घेत असेल, तर तो या फ्यूजला २०० टक्के भार होईल आणि एका सेकंदातही तो वितळू शकेल. अशा गाडीस हा आकडा लागू नाही.

वरची सीमा तारेने ठरते. मोकळ्या मांडलेल्या ५० चौ. मि. मी. तारेची सतत प्रवाह वाहण्याची मर्यादा वेष्टनाच्या प्रकारानुसार २०० ते ३०० अँपिअरच्या आसपास असते; प्रत्यक्ष आकडा उत्पादकाच्या कोष्टकातून घ्यावा. आपला २०० चा फ्यूज त्या मर्यादेत बसतो.

यानंतर संपूर्ण लघुपरिपथनाची, म्हणजे ‘शॉर्ट’ची, परीक्षा. तारेचे पुढील टोक पत्र्याला टेकले असे समजू. बॅटरीचे ५, तारेचे १.७२ व परतीच्या मार्गाचा १ मिलिओहम मिळून सुमारे ७.७ मिलिओहम होतात, आणि प्रवाह सुमारे १,६४० अँपिअर. हा फ्यूजच्या निर्धारित प्रवाहाच्या आठपटींहून अधिक आहे. तो एका सेकंदाच्या आत वितळेल. तेवढ्या काळात तार सुरक्षित राहते काय? आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या मानकांतील सूत्रानुसार प्रवाहाचा वर्ग गुणिले काल ही राशी, तारेच्या छेदाचा वर्ग गुणिले एका स्थिरांकाचा वर्ग, याहून कमी असली पाहिजे. पी. व्ही. सी. वेष्टनाच्या तांब्याच्या तारेसाठी हा स्थिरांक ११५ आहे. ५० चौ. मि. मी. साठी हा गुणाकार सुमारे ३ कोटी ३० लक्ष येतो, आणि १,६४० अँपिअरला तार सुमारे १२ सेकंद तग धरू शकते. फ्यूज एका सेकंदात तोडतो. म्हणजे सुरक्षिततेस भरपूर अंतर आहे.

अखेरची परीक्षा विच्छेदनक्षमतेची, आणि येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. १,६४० हा आकडा तारेच्या दूरच्या टोकाचा आहे. शॉर्ट फ्यूजच्या लगत, बॅटरीच्या पेटीशेजारीच झाला तर तारेच्या रोधाची मदत मिळत नाही आणि प्रवाह २,५०० अँपिअरच्या जवळ जातो. २,००० अँपिअरची विच्छेदनक्षमता असलेला फ्यूज येथे कागदोपत्री अपुरा आहे. म्हणून प्रवाह फ्यूजच्या स्वतःच्या अग्राशी मोजावा, आणि त्याहून अधिक विच्छेदनक्षमता असलेला प्रकार घ्यावा. लिथियम बॅटरी वापरणाऱ्यांनी तर हा मुद्दा प्रथम पाहावा, कारण तिचा अंतर्गत रोध आणखी कमी असू शकतो.

६. फ्यूज कोठे हतबल होतो

आतापर्यंतचा हिशेब पूर्ण शॉर्टचा होता. पण प्रत्यक्षातील दोष पुष्कळदा अर्धवट असतात. पत्र्याची धार वेष्टनात हळूहळू रुतते आणि तांब्याचे दोन-चार धागे गंजलेल्या पत्र्याला टेकतात. त्या स्पर्शबिंदूचा रोध ०.०८ ओहम आहे असे धरा. एकूण रोध ०.०८७७ ओहम व प्रवाह सुमारे १४४ अँपिअर येतो. हा २०० अँपिअरच्या खाली असल्याने फ्यूजच्या दृष्टीने सर्व काही ठीक चालले आहे. परंतु त्या स्पर्शबिंदूवर १४४ चा वर्ग गुणिले ०.०८, म्हणजे सुमारे १,६५० वॉट उष्णता निर्माण होत राहते. कपड्यांच्या दीड इस्त्रीएवढी ही उष्णता गालिच्याखालील नखाएवढ्या जागेत साठते, आणि बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा काही पेटेपर्यंत ती थांबत नाही.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो कटू असला तरी टाळता येण्याजोगा नाही. सेल्फचा भार वाहू देणारा कोणताही फ्यूज अशा दोषाला ओळखू शकत नाही. त्याच्यावरील उपाय यांत्रिक आहे. तार गाडीच्या आतून न्यावी. पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट असावा. तारेवर स्वतंत्र नळी असावी. ती जागोजागी पकडींनी बांधावी. निकासनळीच्या उष्णतेपासून व इंधननळीपासून ती दूर ठेवावी. आणि टोकाची थिंबले योग्य हत्याराने दाबलेली असावीत. फ्यूज या व्यवस्थेच्या जोडीला असतो. तिच्या ऐवजी नव्हे.

अर्धवट दोषाचा दुसरा उपाय तारा विभागण्याचा आहे. सेल्फसाठी स्वतंत्र रिले मागे बॅटरीशेजारीच बसविला, तर सेल्फची जाड तार केवळ चावी फिरविण्याच्या काही सेकंदांपुरती जिवंत राहते. उरलेल्या प्रवासात तिच्यात वीजच नसते. अल्टरनेटर व इतर भारांसाठी मग दुसरी, स्वतंत्र तार न्यावी. ६५ अँपिअरच्या अल्टरनेटरसाठी २५ चौ. मि. मी. तार घेतल्यास ५ मीटरांत घट सुमारे ०.२२ व्होल्ट येते, आणि तिच्यावर १०० अँपिअरचा फ्यूज पुरतो. वर वर्णिलेला १४४ अँपिअरचा दोष या १०० च्या फ्यूजला १३५ टक्क्यांहून अधिक पडतो, आणि उशिरा का होईना, तो ओळखला जातो. मात्र अल्टरनेटरची तार सेल्फच्याच अग्राला जोडून ठेवली तर जाड तार त्या वाटेने पुन्हा कायमची जिवंत होते व सारी योजना व्यर्थ जाते.

७. दुसरे टोक आणि स्थान

अपादानाचा विचार पुरा करावयाचा तर गाडीत दोन स्रोत आहेत हे विसरता कामा नये. इंजिन चालू असताना अल्टरनेटरही वीज पुरवितो. त्याचा प्रवाह त्याच्या रचनेनेच मर्यादित असल्याने तारेला त्याचे भय अल्प. परंतु अल्टरनेटरमधील दोषामुळे बॅटरीचा प्रवाह उलट त्याच्याकडे धावू शकतो. मुख्य तारेपासून निघणारी प्रत्येक बारीक शाखा, मग ती दिव्यांची असो वा पंख्याची, जेथे फुटते तेथेच तिच्या जाडीस साजेसा वेगळा फ्यूज मागते. २०० अँपिअरचा फ्यूज ६ चौ. मि. मी. शाखेचे रक्षण करू शकत नाही. १,००० अँपिअरला ती शाखा अर्धा सेकंदही टिकत नाही. रक्षणीय वस्तू बदलली की रक्षकही बदलला पाहिजे.

फ्यूज लहान निवडण्यातही धोका आहे. धावत्या गाडीत मुख्य फ्यूज वितळला तर भारित होत असलेली बॅटरी अल्टरनेटरपासून अकस्मात तुटते आणि अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो. आय. एस. ओ. १६७५०-२ या मानकात बारा व्होल्टांच्या गाडीसाठी या उसळीच्या चाचणीचा दाब, आतील निरोधक योजना नसताना, ७९ ते १०१ व्होल्ट इतका धरला आहे, व तिचा काल ४० ते ४०० मिलिसेकंद. आधुनिक अल्टरनेटरांतील विशेष डायोड ती खाली आणतात. तरीही रात्री घाटात दिवे मालवण्याची शक्यता राहतेच. म्हणून ‘लहान फ्यूज म्हणजे अधिक सुरक्षित’ हा नियम सरसकट खरा नाही.

स्थानाचा निर्णय मात्र निर्विवाद आहे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तारेचे रक्षण कोणीच करीत नाही. म्हणून ती शक्य तितकी आखूड हवी. वर उल्लेखिलेल्या नौका-मानकात इतर तारांसाठी सामान्य मर्यादा ७ इंचांची, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरांची आहे. गाडीतही ती पाळण्यास प्रत्यवाय नसावा. बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असले तर तो पेट घेऊ शकतो. यास्तव प्रवाशांच्या भागातील बॅटरी बंदिस्त प्रकारची व बाहेर उघडणाऱ्या नळीची असावी, आणि उघडा फ्यूज तिच्या पेटीत कोंडू नये.

फ्यूज व मुख्य खटका यांतही भेद करावा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या शर्यतींच्या नियमांत सर्व परिपथ तोडून इंजिनही बंद करणारा खटका आवश्यक मानलेला असून, त्याची जागा पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणातील तांबड्या ठिणगीच्या चिन्हाने दर्शवितात. हा खटका माणसाच्या निर्णयाने चालतो, फ्यूज उष्णतेने. तिसरा मार्ग बी. एम. डब्ल्यू. कंपनीने अवलंबिला. १९९८ सालच्या ई-४६ मालिकेतील डिकीस्थ बॅटरीच्या धन अग्रावर लहानसा स्फोटक विच्छेदक असून, अपघाताची सूचना मिळताच तो सेल्फ व अल्टरनेटर यांकडे जाणारी जाड तार तोडतो; धोक्याचे दिवे इत्यादी मात्र चालू राहतात. प्रवाह वाढण्याची वाट न पाहता धडकेलाच कारण मानणारी ही योजना, वर दाखविलेल्या फ्यूजच्या मर्यादेची एक प्रकारे कबुलीच आहे.

८. तारेचा तुकडा घालण्याविषयी

फ्यूज गेल्यावर त्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा गुंडाळण्याची सवय घराघरांत आहे, आणि ती गाडीतही शिरते. विल्यम प्रीस या शास्त्रज्ञाने १८८४ च्या सुमारास मांडलेल्या नियमानुसार उघड्या तारेला वितळविणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. कारण सोपे आहे : आत निर्माण होणारी उष्णता व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि बाहेर जाणारी उष्णता पृष्ठभागाच्या, म्हणजे व्यासाच्या, सम प्रमाणात असते. व्यास मिलिमीटरमध्ये घेतल्यास तांब्यासाठी गुणांक ८० आहे. म्हणजे अवघ्या एक मिलिमीटर जाडीची तार ८० अँपिअरपर्यंत तग धरते. २० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी ती घालणाराने चौपट प्रवाहाला मुभा दिलेली असते. आणि ती तुटताना होणारी ज्वाला विझविण्याची सोयही तेथे नसते.

९. निष्कर्ष

निर्णयाचा क्रम असा ठेवावा. प्रथम तारेचा मार्ग व तिचे यांत्रिक रक्षण ठरवावे. नंतर दाबाची घट पाहून तारेचा छेद ठरवावा. मग भाराच्या कालासह खालची सीमा व तारेच्या शक्तीनुसार वरची सीमा काढून त्यांच्यामधील निर्धारित प्रवाह निवडावा. शेवटी फ्यूजच्या अग्राशी संभवणारा प्रवाह काढून विच्छेदनक्षमता तपासावी, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. दोन सीमांमध्ये जागाच उरत नसेल, तर फ्यूजच्या आकड्याशी तडजोड न करता तार अधिक जाड घ्यावी अथवा सेल्फची वाट वेगळी करावी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या तीन कारागिरांच्या उत्तरांकडे आता पाहिले तर प्रत्येकाच्या उत्तरातील उणीव वेगळी दिसते. पहिल्याने आखूड तारेचा नियम लांब तारेस लावला. दुसऱ्याने बॅटरीला रक्षणाचे कर्म मानले. तिसऱ्याने काल विचारात घेतला नाही. या तिघांनाही योग्य उत्तर देणे कठीण नाही. त्यासाठी ‘किती अँपिअरचा?’ या प्रश्नाच्या अगोदर ‘कोणत्या तारेसाठी, आणि किती वेळ?’ हे विचारले गेले पाहिजे.